माथ्याची पानं

“वर कोण हाय?”

मी जांभळीखाली गुडघे टेकून झोळीत पडलेली पानं वेचत होते. मान वळवून पाहिलं तर मागे एक उंच माणूस उभा होता. पन्नाशी ओलांडलेली, मिशा पांढऱ्या, पायांत चकचकीत काळे बूट, खांद्याला खाकी पिशवी. जंगलातली लाल माती त्या बुटांवर कशी बसली नव्हती, याचं मला आधी नवल वाटलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर दोराबरोबर वर चालली होती, फांद्यांमधून, पार पानांत दिसेनासा होईपर्यंत.

“रोहिणी आहे,” मी म्हणाले. “रोहिणी इंगवले. आमच्या प्रकल्पावर काम करते. तुम्ही वनखात्याकडून आलात का?”

“न्हाई,” ते म्हणाले. “मी तिचा बाप.”

मी उठून उभी राहिले आणि हाक मारायला तोंडाशी हात नेला. त्यांनी बोट वर करून मला थांबवलं.

“हाक मारू नका, बाई. वर असलेल्या माणसाला खालनं हाक मारायची नसती. लक्ष उडतं.”

मग शेजारच्या दगडावर रुमाल अंथरून ते बसले. पाठ ताठ, पिशवी मांडीवर. रोहिणी खाली येईपर्यंत ते तिथून हलणार नव्हते, हे मला कळलं.

ही गोष्ट दाजीपूरच्या जंगलातली, मी पीएच.डी. करत होते तेव्हाची. माझा विषय ऐकला की लोकांना हसू यायचं. जंगलातल्या झाडाचा माथा कसा आहे, तिथली पानं किती मोठी, किती जाड, किती वजनाची, हे कळलं तर ते झाड ऊन किती घेतं, पाणी किती राखतं, दरवर्षी किती वाढतं याचा अंदाज करता येतो. पण माथा असतो उंचावर, आणि तिथवर पोचायचं कसं हा प्रश्न असतो. माझे मार्गदर्शक पेठे सर म्हणायचे की माथ्यावरची पानं कधी ना कधी खाली येतातच. मग ती खालीच गोळा करून त्यांवरून वरचा अंदाज बांधता येईल का, ते बघ. म्हणून आम्ही झाडांखाली मच्छरदाणीच्या कापडाच्या झोळ्या बांधल्या होत्या. चार काठ्यांना चार टोकं, मध्ये खोलगट. वरून पडेल ते पान त्यात अडकायचं.

पण अंदाज बरोबर की चूक, हे ठरवायचं तर एकदा वरची ताजी पानं हातात हवीत. त्यासाठी रोहिणी होती. कोल्हापूरच्या एका गिर्यारोहण मंडळात ती कडे चढायला शिकली होती. वनस्पतिशास्त्रातली पदवी होती, आणि दोर बघितला की तिचे डोळे चमकायचे. बेचकीनं बारीक दोरी फांदीवरून पलीकडे टाकायची, तिला जाड दोर बांधून वर ओढून घ्यायचा आणि त्यावरून जुमार, म्हणजे दोराला घट्ट पकडणारी कडी, सरकवत चढायचं. कोल्हापूरकडच्या मुली बोलतात तसं “मी जातो गं वर,” म्हणायची आणि बघता बघता पानांत नाहीशी व्हायची. खालचा दोर धोंडीराम सांभाळायचा; त्या दिवशी तिला वर पोचवून, दोर खोडाला बांधून तो पाणी आणायला गेला होता.

रोहिणीच्या वडिलांनी पायाजवळचं एक पान उचललं. देठाजवळ नखाएवढा लाल ठिपका होता.

“हे काय?”

“नेलपॉलिश,” मी म्हणाले. “रोहिणी वर जाऊन पानांना ठिपके देते. अगदी माथ्यावर लाल, मध्ये गुलाबी, खालच्या फांद्यांना चंदेरी. म्हणजे पान पडलं की ते कुठून आलं, हे मला खाली कळतं.”

त्यांनी ठिपक्यावरून नख फिरवलं. मग म्हणाले, “तरीच. दिवाळीला घरी आली तवा तिच्या पिशवीत ढीगभर बाटल्या निघाल्या. तिची आई म्हणाली, शहराचं वारं लागलं पोरीला. मी नखं बघितली तर कोरी. मला काय उलगडा हुईना.”

“तुम्हाला तिच्या कामाची कल्पना नव्हती?”

“हापिसात बसून पानं मोजायची, असं सांगितलं हुतं.”

“तेही करतो आम्ही.”

“व्हय. पण आमच्या गावचा एक कंडक्टर ह्या वाटेच्या गाडीवर असतो. त्यानं घरी येऊन सांगितलं, सुभेदार, तुमची पोरगी झाडाला लोंबकळताना बघितली. तवापास्नं तिच्या आईच्या घशाखाली घास उतरंना.” त्यांनी पान झोळीत ठेवलं. “संध्याकाळच्या गाडीनं घेऊन जाणार हाय मी तिला.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ठरलेली गोष्ट सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं. हंगाम अर्धाच झाला होता. रोहिणी गेली तर वरची पानं येणार नव्हती, आणि वरची पानं नसतील तर माझ्या खालच्या पोतंभर पानांना काही अर्थ नव्हता.

काही बोलावं म्हणून मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात शेजारच्या बेहड्यावरून विचित्र आवाज आला. मोठी चादर झटकावी तसा. बेहड्याच्या आडव्या फांदीला आग्या मोहोळ होतं. आम्ही ते आल्या दिवसापासून बघत होतो आणि लांबून जात होतो. त्यावर एक मोठा शिकारी पक्षी झेपावला होता. पोळ्याचा तुकडा पायात धरून तो निघून गेला, आणि मागे हवा काळी झाली.

“रो...” माझ्या तोंडून निघालं असेल नसेल, सुभेदारांचा हात माझ्या तोंडावर होता.

“वरडायचं न्हाई. हलायचं न्हाई.”

त्यांनी एका झटक्यात जवळच्या झोळीची दोन टोकं काठ्यांवरून सोडवली, मला खाली दाबलं आणि ते कापड आम्हा दोघांवर ओढून घेतलं. आत वेचायची राहिलेली सगळी पानं माझ्या डोक्यावर, मानेत, पाठीवर सांडली. जाळीतून मला वर दिसत होतं. माश्या जांभळीच्या खोडाभोवती गरगरत होत्या, पानांत शिरत होत्या, बाहेर येत होत्या. दोर हलत नव्हता.

मी रडायला लागले होते. सुभेदार वर बघत होते. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. ते देवाचं नाव घेत होते की तिला काही सांगत होते, कोण जाणे.

“ती हलंना,” ते हळूच म्हणाले. “बरोबर करतीय. खोडाला चिकटून ऱ्हायलीय.”

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. माश्या हळूहळू परत बेहड्याकडे वळल्या. मग दोर थरथरला. आधी तिचे बूट दिसले, मग गुडघे. नेहमी ती सर्रकन यायची. आज हातभर सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. जमिनीला पाय लागले तेव्हा तिचा एक डोळा पूर्ण मिटला होता आणि वरचा ओठ सुजून नाकाला भिडला होता. हेल्मेटखाली तिनं ओढणी तोंडाला गुंडाळली होती, तरी माश्या आत गेल्याच होत्या. उरलेल्या डोळ्यानं तिनं जाळीखालून निघणाऱ्या आम्हा दोघांकडे बघितलं.

“आप्पा?” ती म्हणाली. “तुमी कवा आला?”

सुभेदारांनी तिला दगडावर बसवलं, पिशवीतून छोटा चाकू काढला आणि पात्याच्या बोथट बाजूनं एकेक काटा खरवडून काढायला सुरुवात केली. तिच्या मानेवरचे, कानामागचे, मनगटावरचे. ती हूं की चूं न करता बसून राहिली. मी पाणी आणलं, ओला रुमाल दिला.

त्या संध्याकाळच्या गाडीनं जाणं शक्यच नव्हतं. रोहिणीला ताप भरला. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात सुभेदारांनी आपली सतरंजी टाकली.

“डोळ्याची सूज उतरू दे,” ते म्हणाले. “मग निघू.”

सूज उतरली. त्याच सकाळी आमचा दोर सांभाळणारा वनमजूर, धोंडीराम, निरोप घेऊन आला. वणव्याचे दिवस जवळ आले होते. जाळरेषा काढायला, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवताचे पट्टे साफ करायला, सगळ्या मजुरांना बोलावलं होतं, आणि पावसाळ्यापर्यंत तो आमच्याकडे येऊ शकणार नव्हता. खालचा दोर धरणारं माणूस नसेल तर वर चढता येत नाही, हा पेठे सरांचा नियम होता. मला एकटीला ते जमायचं नाही. माझं वजनही पुरत नव्हतं.

रोहिणी पायरीवर बसून दोराची गुंडाळी करत होती. ती मुद्दाम कुणाकडे बघत नव्हती. सुभेदार तिच्या हाताकडे बघत होते.

“ही गाठ अशी न्हाई मारायची,” ते म्हणाले. “दे इकडं.”

गाठ सोडवून त्यांनी दुसरी बांधली, ओढून बघितली. मग दोराची गुंडाळी खांद्याला अडकवून जांभळीच्या दिशेनं चालायला लागले. रोहिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. आम्ही दोघी त्यांच्या मागे निघालो.

त्यांनी घरी काय कळवलं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. ते राहिले, एवढं खरं. रोज उजाडताना त्यांची दाढी झालेली असायची, बूट चमकत असायचे. चहा तेच करायचे, आलं ठेचून, इतका कडक की पेठे सर एकदा आले तेव्हा त्यांना ठसका लागला. पिठलं आणि जाड भाकरीही तेच करायचे. रोहिणी वर गेली की ते दोन्ही हातांत दोर धरून, मान मागे टाकून उभे राहायचे. मी कितीदा सांगितलं, दोर कमरेच्या कडीतून जातो, नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं, बसा जरा. ते बसायचे नाहीत. तिच्या वजनानं दोर किंचित ताणला गेला की त्यांची बोटं आवळायची, ढिला झाला की सैल व्हायची.

बाप-लेकीत बोलणं फार व्हायचं नाही. “जेवलीस?” “व्हय.” “आज लई वर गेलीस.” “व्हय, तिथंच उन्हाची पानं असतात.” असं. पण रोहिणी खाली आली की पानांची पिशवी आधी त्यांच्या हातात द्यायची, मग माझ्या. मला ते लक्षात आलं होतं आणि थोडं लागलंही होतं, कारण आधी आमच्या दोघींच्या मध्ये कुणी नव्हतं.

दुपारी आम्ही तिघं पानं निवडत बसायचो. सुभेदार लवकरच त्यात रमले. उन्हात वाढलेलं पान लहान आणि जाड असतं, सावलीतलं रुंद आणि पातळ, हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी दोन पानं दोन बोटांत धरून कितीतरी वेळ चाचपली.

“एकाच झाडाची,” ते म्हणाले.

“एकाच झाडाची.”

“मग वाळून खाली पडलेल्यावरनं तुम्हाला कसं कळणार, वर असताना कसं हुतं ते?”

“तीच तर अडचण आहे,” मी म्हणाले. “वाळलेलं पान पाण्यात भिजवलं की उलगडतं. मग त्याचा आकार मोजता येतो, जाडी मोजता येते. ते जवळजवळ जुळतं. पण वजन कमी भरतं. झाड पान टाकायच्या आधी त्यातलं कामाचं जे जे असेल ते फांदीत परत ओढून घेतं. किती ओढून घेतं, ते प्रत्येक जातीत वेगळं. तेवढं मला शोधायचंय. ते सापडलं की खालच्या पानात तेवढं मिळवायचं, आणि वरचं पान कसं होतं ते सांगायचं.”

सुभेदार हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

“आम्हाला पण फौजेतनं सोडताना तसंच केलं. बूट जमा करा, कांबळं जमा करा, बिल्ला जमा करा. एक पत्र्याची पेटी तेवढी घरी आली.”

“आणि तुम्ही,” रोहिणी पानं निवडता निवडता म्हणाली.

“व्हय. आणि मी.”

त्यानंतर रोज दिवेलागणीला ते मला विचारायला लागले. व्हरांड्यात मी तराजू आणि आलेखाचे कागद घेऊन बसलेली असायचे. ते चहाचा कप शेजारी ठेवून विचारायचे, “काय बाई, जुळतंय का?”

“नाही हो आप्पा.” मीही आता त्यांना आप्पाच म्हणत होते. “अजून नाही.”

“बरं,” म्हणून ते जायचे.

मला त्यांचा प्रश्न कळतो, असं मला वाटायचं. माझं गणित जुळलं म्हणजे गळलेल्या पानांवरून काम भागणार. मग कुणालाच वर चढायची गरज नाही. त्यांची पोरगी जमिनीवर येणार आणि तिची आई पोटभर जेवणार. बिचारे त्यासाठी दिवस मोजताहेत, असं वाटून मी आणखी जोरानं कामाला लागायचे. रोहिणीशी एकदा त्याबद्दल बोलले. ती खोडाला टेकून पायांतले बूट काढत होती.

“माझं जमलं तर तुझं काम जाईल गं,” मी म्हणाले.

“जाऊ दे की. त्यासाठीच तर चढतो मी.”

“तुला वाईट नाही वाटणार?”

तिनं वर बघितलं. जांभळीला तेव्हा नवी पालवी आली होती, तांबूस आणि लुसलुशीत, आणि जुनी पानं भराभर गळत होती.

“वाटेल,” ती म्हणाली. “पण तू ते मनात आणू नकोस. तुझं जमू दे.”

आणि जमलं. एक दिवस दुपारी मी जांभूळ, पिसा आणि हिरडा या तिन्ही झाडांची आकडेमोड पुन्हा एकदा केली. प्रत्येक जातीची घट मिळवून खालच्या पानांवरून काढलेलं वजन आणि रोहिणीनं वरून आणलेल्या पानांचं वजन आलेखावर मांडलं. ठिपके एका रेषेजवळ येऊन बसले. मी कागद फिरवून बघितला, डोळे चोळून बघितला. मग दुसऱ्या कागदावर सगळं नव्यानं मांडलं. पुन्हा तसंच.

मी ओरडतच मागच्या अंगणात गेले. रोहिणी कपडे वाळत घालत होती. तिनं मला उचलून गरगर फिरवलं. आप्पा चुलीशी होते. धूर डोळ्यांत गेल्यामुळे ते डोळे पुसत बाहेर आले.

“आप्पा, जुळलं,” मी म्हणाले. “तिन्ही जातींचं जुळलं.”

“जुळलं?”

“हो. आता माथ्याचं काय ते खालच्या पानांवरून सांगता येईल.”

त्यांनी वाकून माझ्या हातातला कागद बघितला.

“म्हंजे आता वर जायला नको.”

“नको. संपलं.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “तुमच्या कष्टाचं चीज झालं.” मग आत जाऊन त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

मला त्यांच्यासाठी फार बरं वाटलं, हे मी मुद्दाम सांगते.

दुसऱ्या दिवशी सामान बांधायचं होतं. सकाळी रोहिणी म्हणाली, “आप्पा, एकदा वर येता का?”

मला वाटलं ते हसण्यावारी नेतील. त्यांनी बूट काढून बाजूला ठेवले आणि पट्टा कमरेला बांधून घेतला. रोहिणी आधी वर गेली. मग तिनं वरून सांगितलं आणि माझं वजन कमी पडू नये म्हणून खोडाला दोन वेढे देऊन मी खालून दोर धरला. आप्पांचं चढणं तिच्यासारखं नव्हतं. ते दमून थांबायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा जुमार सरकवायचे. पण एकदाही पाय घसरला नाही. पांढरा शर्ट पानांत दिसेनासा झाला, आणि मी खाली एकटी उरले.

ते दोघं बराच वेळ वर होते. काय बोलले ते खाली ऐकू आलं नाही. एकदा फक्त आप्पांचं हसू ऐकू आलं, खणखणीत, आणि त्याबरोबर काही पानं गळून माझ्या खांद्यावर पडली. त्यांवर लाल ठिपके होते. सवयीनं मी ती पिशवीत टाकली, मग आठवलं की आता त्यांची गरज नाही.

ते खाली आले तेव्हा त्यांच्या शर्टाला मुंग्या लागल्या होत्या, हाताला खरचटलं होतं. मी विचारलं, “कसं वाटलं आप्पा?”

“वारा हाय वर,” एवढंच म्हणाले. संध्याकाळच्या गाडीनं दोघं गेले. खिडकीतून रोहिणी हात हलवत राहिली, आप्पा समोर बघत बसले होते.

माझा प्रबंध झाला. ती पद्धत इतरांनीही उचलली. पुढे मी शिकवायला लागले आणि माझे विद्यार्थी झोळ्या बांधून पानं गोळा करायला लागले. त्यांच्यातलं कुणी झाडावर चढलेलं नाही. रोहिणीनं कोल्हापुरात दोरावरच्या बचावकार्याचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. पुरात, विहिरीत, कड्यावर अडकलेल्या माणसांना काढायला तिच्या हाताखाली तयार झालेली माणसं जातात. आमची पत्रं सुरू होती, मग कमी झाली. आप्पा गेल्याचं मला बऱ्याच उशिरा कळलं.

गेल्या हिवाळ्यात ती एका प्रशिक्षणासाठी पुण्याला आली आणि माझ्याकडे राहिली. केस पिकलेत, खांदे तसेच. सकाळी स्वयंपाकघरात चहा पिताना मी म्हणाले, “आप्पांना चहा काय कडक लागायचा गं.”

“अजून घरात तसाच होतो,” ती म्हणाली. मग कपातला चहा हलवत बसली. “वृंदा, तुला ठाऊक आहे, आप्पांनी तेव्हा घरी काय कळवलं होतं? जंगलातला रस्ता बंद आहे म्हणून. आई अख्खा महिना देवाला दिवा लावत होती, रस्ता उघडू दे म्हणून. रस्ता कुठला बंद? एसटी रोज दारावरून जात होती.”

“का पण?”

“मी जन्मलो तेव्हा ते सिक्कीमला होते. मग लडाख, मग आसाम. वर्षातून एकदा रजा, तीही भात काढायच्या वेळी, म्हणजे ते दिवसभर शिवारात. मी त्यांना ओळखायला लागलो की ते निघायचे. निवृत्त होऊन घरी आले, तेव्हा मी कोल्हापूरला वसतिगृहात.” तिनं कप खाली ठेवला. “जांभळीखाली ते जेवढे दिवस राहिले ना, तेवढे सलग दिवस ते माझ्याबरोबर त्याआधी कधीच राहिले नव्हते. मला हे तेव्हा कळलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं, वर बसल्यावर.”

रोज दिवेलागणीला शेजारी येऊन ठेवलेला कप, तो प्रश्न, आणि माझं उत्तर ऐकून ‘बरं’ म्हणून जाणं, हे सगळं माझ्यासमोर पुन्हा उभं राहिलं, आणि त्या प्रत्येक ‘बरं’चा अर्थ मी उलटा लावला होता, हे कळायला मला एवढी वर्षं लागली.

“आणखी काय म्हणाले वर?” मी विचारलं.

रोहिणी हसली. अगदी त्यांच्यासारखी, मिशी नसलेली.

“तुझ्याबद्दल बोलले. म्हणाले, बाई लई हुशार. पण जरा दमानं घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?”